शांत बसायचा सल्ला

नेतृत्व शिकवायला पुण्याहून आलेल्या कोचनं मला फसवलं. सोनपेठची माझी कापसाची जिनिंग मिल मी भांडून, ओरडून उभी केली. "चांगला मालक आवाज चढवत नाही, आधी ऐकून घेतो," असं तो म्हणाला. मी मानलं.

दुसऱ्या दिवशी नेहमीचा शेतकरी कापूस घेऊन आला. त्यानं भाव सांगितला, मी शांतपणे ऐकून घेतला. आमच्याकडं मालक भावावर भांडला, तरच त्याला माल हवाय असं समजतात.

"मालक, घ्यायचा न्हाई तर सरळ सांगा की!" म्हणत त्यानं गाडी समोरच्या जिनिंगकडं वळवली. मागच्या गाड्याही तिकडंच गेल्या.

कोचला फोन केला. "बदलाला वेळ लागतो," म्हणाला.

मग तोवर परत जाणाऱ्या गाडीवाल्यांशी त्यानंच माझ्या फाटकात उभं राहून भावावर भांडावं.