विमानाच्या सीटांची कव्हरं

आमच्या साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी पाव्हण्यांच्या भागीत जुनं विमान घ्यायचं काढलं, त्या साली तेलगावच्या आसपासचे हातपंप नुसते खडखडायचे. ऊस जागेवर वाळला होता. आमची बायकांची शिवणकामाची सहकारी संस्था होती आणि मी तिची अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, झाडू मारणारीही मीच.

वहिनीसाहेबांनी, म्हणजे चेअरमनसाहेबांच्या मंडळींनी, बंगल्यावर बोलावलं. "इमान दुसऱ्यांनी वापरलेलं हाय. कुणाकुणाच्या बुडाखालच्या शिटांवर मी न्हाई बसायची. सगळ्यांना पांढरी कव्हरं शिवा, वर टर्किश टॉवेल. पसंत पडलं तर कारखान्याच्या गेस्टहाऊसचं, जीपांचं, सगळं शिवणकाम वर्षभर तुमच्या बायकांना." आमच्याकडं जुनी जीप घेतली तरी आधी कव्हरं चढतात, मग नारळ फुटतो. मला त्यात काही नवल वाटलं नाही.

मला फक्त माझी धाकटी जाऊ दिसत होती. तिचं लेकरू दोन महिन्यांचं. दसरा झाला की नवराबायको ऊस तोडायला दूरच्या मुलखात जाणार आणि लेकरू पाचटाच्या खोपीत थंडीवाऱ्यात पडणार. आदल्या साली शेजारणीचं तिथंच गेलं होतं. वर्षभराचं काम मिळालं तर जाऊ घरी राहणार होती. "अक्का, खरंच व्हईल का गं?" ती रोज विचारायची. मी म्हणायची, "लेकराला पाज आन गप बस."

मापं घ्यायला मला जीपनं विमानतळावर नेलं. अगं बाई, विमान कसलं, दिवाणखानाच तो! माणूस आत ताठ उभा राहतो, खुर्च्या गरागरा फिरतात, एका अंगाला लांबलचक सोफा. मी चपला बाहेर काढून आत गेले. विकणाऱ्यांचा माणूस माझ्या पायांकडं बघून इंग्रजीत काहीतरी बोलला आणि हसला. हसेना मेला! मी टेप लावली.

लाइट असो नसो, पायानं मशिनी हाणल्या. पांढऱ्या कापडाला डाग पडू नये म्हणून हात धुवायचे, तर प्यायलाच पाणी नाही. वाटीभर पाण्यात आम्ही सगळ्या आळीपाळीनं हात बुडवायचो. जाऊ लेकराला मांडीवर घेऊन नाड्या लावायची. ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा मुकादम आला तेव्हा तिनं ताठ मानेनं सांगितलं, "यंदा आमी येत न्हाई."

कव्हरं घेऊन बंगल्यावर गेले तर तिथं चेअरमनसाहेब-वहिनीसाहेबांसोबत विमानाचा इंजिनिअर बसलेला. भला माणूस. त्यानं एका कव्हराची नाडी कापली, अंगणात नेऊन काडी लावली. भुर्रकन पेटली.

"ताई, विमानात पेट न घेणारंच कापड चालतं. हे नाही चढवता येणार."

"ऱ्हाऊ द्या मग," वहिनीसाहेब म्हणाल्या आणि आत गेल्या.

"आन ते वर्षभराचं काम?" मी चेअरमनसाहेबांना विचारलं.

"कारखानाच बंद ऱ्हाणार यंदा, बाई. ऊस कुठं हाय?"

कारखाना बंद आणि विमान मात्र येणार. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावणार? माझ्या हातात काहीच नव्हतं. गाठोडं डोक्यावर घेतलं आणि निघाले.

घरी येऊन मी सगळं सांगितलं, काडीचंसुद्धा, तशी जाऊ मुकादमाच्या दारात जाऊन बसली. त्यानं घेतलं, पण सगळ्यात लांबच्या फडावर.

निघायच्या दिवशी ट्रॅक्टर वेशीत उभा होता. मी सोफ्याचं मोठं कव्हर जावेला दिलं. "खोपीला आतून लाव, वारा अडंल." तिनं ते चाचपलं, लेकराला त्यातच गुंडाळलं आणि ट्रॉलीत चढली.

"अक्का, लई मऊ हाय," ती वरून म्हणाली. "पर चुलीपासनं लांब ठिवावं लागंल, न्हाई का?"

"व्हय," मी म्हणाले. "लांबच ठिव."