गालाला लावलेला हातमोजा

थोरलीला ॲसिडची भीती कधी वाटली नाही. तिला धास्ती होती ती धाकटीची, आणि हे मान्य करायची मात्र तिची तयारी नव्हती. "मला काय तिचं," असं ती दिवसातून चारदा म्हणायची. दिवसातून चारदा असं म्हणणाऱ्या बाईच्या डोक्यात दिवसभर कोण असतं, ते वेगळं सांगायला नको.

दोघी सख्ख्या जावा. घर एक, कारखाना एक आणि खातंही एकच. लोखंडी पट्ट्यांवरचा गंज उतरवायचा हे त्यांच्या खात्याचं काम. पट्ट्या आधी ॲसिडच्या टाकीत, मग साध्या पाण्यात, शेवटी सोड्याच्या पाण्यात. थोरलीची तिथे एकोणीस वर्षं गेली होती. टाकीत आधी पाणी भरायचं आणि मग त्यात ॲसिड सोडायचं, तेही कडेनं, बारीक धारेनं. उलटं केलं तर ते उसळून तोंडावर येतं. नव्या माणसाला हे ती पहिल्याच दिवशी अशी दरडावून सांगायची, की तो बिचारा घरी चहात दूध घालतानाही दोनदा विचार करत असेल.

तिसऱ्या वर्षी तिला ॲसिडनं एकदाच धडा दिला. उजव्या हातमोज्याला सुईच्या टोकाएवढं भोक होतं, ते दिसलं नाही. "उघड्या हातावर पडलं तर माणूस पळत जाऊन नळाखाली हात धरतो," ती सांगायची. "मोज्यात शिरलं तर ते आत बसून निवांत खातं. भोक पडलेल्या मोज्यापेक्षा उघडा हात बरा." तिच्या करंगळीचं नख त्यानंतर कधी धड आलं नाही. तेव्हापासून तिनं स्वतःची एक पद्धत काढली. मोज्याचं तोंड गुंडाळत आणायचं, आत हवा कोंडायची, मोजा टम्म फुगला की गालाशी धरून दाबायचा. भोक असेल तर गालाला गार झुळूक लागते. राबून राबून बोटं निबर झालेली असतात, त्यांना हे कळत नाही. गालाला कळतं. मग सगळ्यांचे मोजे धुऊन, गालाला लावून खुंटीवर टांगायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं आणि कुणाला हात लावू दिला नाही.

चार वर्षांपूर्वी धाकटीला तिथे चिकटवून दिलं ते थोरलीनंच. साहेबांकडे शब्द टाकला, पहिले दोन महिने हाताला धरून शिकवलं. पोरगी चटपटीत निघाली. तक्ते वाचायची, नोंदी ठेवायची, पाहुण्यांशी न अडखळता बोलायची. वर्षभरापूर्वी साहेबांनी तिला खात्याची सुरक्षाप्रमुख केलं आणि हिरवी टोपी दिली. थोरलीची टोपी पिवळीच राहिली.

तेही तिनं गिळलं असतं. पण मग भिंतीवर ते चित्र लागलं. पुरुषभर उंचीचं, रंगीत. त्यात धाकटी, गालाला फुगलेला मोजा लावून हसते आहे, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'वापरण्याआधी तपासा'. फोटो काढला त्या दिवशी थोरली रजेवर होती. परत आली तर आपला मोजा, आपली युक्ती, आणि गाल मात्र दुसरीचा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी गेली तर सासूबाईंनी त्याच चित्राची छोटी प्रत कपाटाच्या दारावर चिकटवलेली. "धाकटीनं नाव काढलं हो," त्या म्हणाल्या. थोरलीनं कपाट उघडलं आणि जरा जोरातच लावलं. त्यानंतर ते कपाट रोज जोरात लागू लागलं. नवऱ्यानं एकदा बिजागरीत तेल घातलं. भल्या माणसाला वाटलं, दार अडकतंय.

मुख्य कार्यालयातले पाहुणे खातं बघायला येणार होते, त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. थोरली नेहमीसारखी मोजे तपासत होती. धाकटीचा उजवा मोजा गालाला लावला आणि अंगठ्याच्या बुडाशी झुळूक लागली, अगदी बारीक. असा मोजा कात्रीनं कापून टाकायचा, हा तिचाच नियम. कात्री समोर लटकत होती.

तिनं मोजा कापला नाही. धाकटीच्या खुंटीवर टांगून दिला.

धाकटीचा हात जळावा असं तिच्या मनात नव्हतं, हे मी तिच्या बाजूनं सांगतो. तिचा हिशेब वेगळा होता. उद्या ही पाहुण्यांसमोर चित्रातल्यासारखी मोजा फुगवणार, गालाला लावणार, आणि फुस्स. सुरक्षाप्रमुखाच्याच मोज्याला भोक. साहेबांचं तोंड पडेल, हिरवी टोपी जरा वाकडी होईल. एवढंच तिला हवं होतं. त्या संध्याकाळी तिनं कपाट हळू लावलं.

सकाळी अकराला पाहुणे आले. धाकटीनं चष्मा लावला, एप्रन बांधला, तोंडावर काच ओढली. थोरली पाण्याच्या टाकीशी उभी राहून वाट बघत होती. साहेब म्हणाले, "मोजा तपासून दाखव ना, चित्रातल्यासारखा."

धाकटीनं खुंटीवरचे मोजे काढले. "साहेब, ती पद्धत माझी नाही. आमच्या ताईंची आहे. फोटोच्या वेळी त्या नव्हत्या, म्हणून मी उभी राहिले," असं म्हणत तिनं थोरलीकडे बोट केलं. "आणि त्यांनी टांगलेला मोजा मी पुन्हा तपासत नाही. चार वर्षांत कधी गरज पडली नाही."

आणि तिनं दोन्ही हात मोज्यांत घातले.

सगळ्यांनी वळून थोरलीकडे पाहिलं. वर्षभर जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते आत्ता चार पाहुण्यांसमोर बोललं गेलं होतं, आणि तिची नजर त्या उजव्या मोज्यावरून हलेना. धाकटीनं ॲसिडचा जग उचलला. उजव्या हातानं.

"ठेव तो," थोरली म्हणाली. धावत जाऊन तिनं जगाची मूठ धरली आणि जग खाली ठेवला. "उजव्याला भोक आहे. अंगठ्यापाशी."

साहेबांनी मोजा मागवून फुगवला, गालाला लावला आणि चकित होऊन पाहुण्यांना म्हणाले, "बघा. दहा पावलांवरून ओळखलं हो. याला म्हणतात अनुभव." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

धाकटी टाळ्या वाजवत नव्हती. दहा पावलांवरून असं भोक कुणाच्या बापाला दिसत नाही, हे तिला थोरलीनंच शिकवलं होतं. तिनं काच वर केली आणि जावेकडे पाहिलं. थोरलीला वाटलं, आता बोलेल, बोललेलं बरं. धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, दुसरी जोडी द्या."

पंधरा दिवसांत भिंतीवर दुसरं चित्र लागलं, पहिल्याच्या शेजारी, तेवढंच उंच. त्यात थोरली. सासूबाईंनी त्याचीही प्रत कपाटावर चिकटवली आणि आल्यागेल्याला दाखवू लागल्या. घरात धाकटी त्या मोज्याबद्दल कुणाला एक शब्द बोलली नाही. अजूनही ताई म्हणते, पहिलं ताट त्यांनाच वाढते.

फक्त सकाळी खुंटीवरून मोजे काढले की ती भिंतीकडे तोंड करते, मोज्याचं तोंड गुंडाळते आणि गालाला लावते. रोज. थोरली तेव्हा पाण्याच्या टाकीशी काहीतरी काम काढून उभी असते, आणि मोजा दाबल्याचा तो बारीक आवाज तिला नळ सोडला तरी ऐकू येतो.