खोक्यातलं जेवण

गाव सोडलं त्या सकाळी माझ्या उजव्या हाताला हळद आणि खोबरेल तेलाचा जाड थर होता आणि त्यावर मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. फाट्यावर आम्ही दोघीच उभ्या होतो. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि चंद्रपूरची एसटी अजून यायची होती. माय सारखी गावाच्या वाटेकडे बघत होती. बा तलावावर जाळं काढायला गेला होता. तो परतायच्या आत गाडी यायला हवी होती.

"बाने विचारलं तर का सांगशील?" मी म्हटलं.

"सांगीन, मले माईत नाई."

"मारन तो तुले."

"तू घरी असली तरी मारनच," ती म्हणाली. "जाय तू. आन वापस येऊ नोको."

गाडी आली. मी खिडकीशी बसून वळून पाहिलं, तर ती झपझप गावाकडे निघालीसुद्धा होती. हात हलवायला थांबली नाही. बा यायच्या आत भात शिजायला हवा होता.

पुण्यात कुणालाही मी चंद्रपूरकडची म्हणून सांगितलं की पहिला प्रश्न वाघाचा येतो. गडचिरोली शेजारीच आहे म्हटलं की दुसरा प्रश्न बंदुकांचा. "भीती नाही वाटायची?" असं विचारतात. वाटायची. पण ती जंगलातून येत नव्हती. ती संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, खांद्यावर ओलं जाळं टाकून मागच्या अंगणाच्या, सांदवाडीच्या दाराने घरात यायची, पाय धुवायची आणि ताटावर बसायची.

बा दारू प्यायचा नाही. प्यायला असता तर लोकांना समजावणं सोपं गेलं असतं. गावात त्याच्याइतकं गोड बोलणारं माणूस नव्हतं. कुणाच्या घरी लग्न असलं की मासोळ्या स्वतः साफ करून देणार, तलावात कुणाचं पोर बुडायला लागलं तर कपड्यांनिशी उडी घेणार. घरी मात्र पहिला घास तोंडात गेला की आम्ही दोघी श्वास धरायचो. तो चावत असायचा आणि एकदम चावणं थांबायचं. बस, तेवढं थांबणं पुरे होतं. मग मीठ जास्त, नाहीतर मीठ कमी, भात गिचका, काटा राहिला, काही ना काही निघायचं. ताट भिंतीवर जायचं, मग तांब्या, मग मायचं डोकं. तिच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही ते अशाच एका संध्याकाळपासून. आंबाडीची भाजी आंबट झाली होती म्हणे. आंबाडी असतेच आंबट.

माझा हात भाजला त्या संध्याकाळी त्याने चुलीतलं जळतं लाकूड ओढलं होतं. मायच्या पाठीवर ते पडणार होतं, मी मध्ये गेले. लाकूड हातावर बसलं, निखारे उडाले, माझ्याच कातडीचा वास माझ्या नाकात गेला. बाने लाकूड परत चुलीत सारलं, चुलीवरच्या जर्मनच्या गंजातला भात स्वतः वाढून घेतला आणि जेवला. त्याच संध्याकाळी मायने ठरवलं की मी जायचं.

चंद्रपुरात एका ओळखीच्या बाईंकडे राहून मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि नोकरीसाठी पुण्याला आले. तिथे संदीप भेटला. सोलापूरकडचा, मोठ्याने हसणारा, कुणावर आवाज चढवता न येणारा माणूस. लग्न झालं, रेवा झाली. संदीपला मी एवढंच सांगितलं होतं की वडील रागीट आहेत, म्हणून जाणं-येणं नाही. मायशी शेजारणीच्या फोनवर बोलायचे. ती नेहमी म्हणायची, "बरं आहे." मीही तेच म्हणायचे.

पण संध्याकाळ काही मला सोडून गेली नाही. लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांचं रक्त हाताळताना माझा हात कधी थरथरला नाही, पण घरी कुकरची शिट्टी झाली की तळव्यांना घाम सुटायचा. ताटं मांडली की मी उभीच राहायचे. "मीठ बरोबर आहे ना? तिखट नाही ना?" रोज तेच. रेवा दहा वर्षांची झाली तेव्हा एकदा वैतागून म्हणाली, "आई, तू परीक्षेला बसल्यासारखी का करतेस?"

संदीपला वाटलं, मी थकते. म्हणून त्याने एका कंपनीचं मील किट सुरू केलं. दारात खोकं यायचं. आत बर्फाच्या थंड पिशव्या, चिरलेल्या भाज्या, मोजून दिलेला तांदूळ, मसाल्यांच्या नंबर टाकलेल्या पुड्या आणि चित्रांसकट कृती छापलेलं गुळगुळीत कार्ड. कार्डावर लिहिलं असेल तेव्हा लिहिली असेल ती पुडी टाकायची. मीठही पुडीतच. "आज तू बसायचं," रेवाने फर्मावलं. ती कार्ड वाचणार, संदीप करणार.

पहिल्याच दिवशी संदीपच्या हातून पॅन निसटला आणि फरशीवर आदळला. तो हसला. रेवाही हसली. मी हसले नाही, कारण मी तिथे नव्हतेच. भानावर आले तेव्हा फ्रिज आणि भिंतीच्या सांदीत उकिडवी बसले होते, दोन्ही हात डोक्यावर, आणि तोंडाने म्हणत होते, "नाई टाकत, आता नाई टाकत मीठ." रेवा समोर उभी होती, पांढरी पडलेली.

त्या रात्री संदीपला सगळं सांगितलं. हाताचा डाग त्याने हजारदा पाहिला होता, तो चुलीवरच्या अपघाताचा नव्हता हेही सांगितलं. त्याने उठून पडलेला पॅन धुतला. मग एवढंच म्हणाला, "खोकं चालू ठेवू."

आणि खरं सांगते, मला त्या खोक्याने वाचवलं. लोक म्हणतात, ही कसली थेरं, चार भाज्या चिरता येत नाहीत का. येतात. पण खोक्यातला रस्सा खारट झाला तर तो कोणाचाच गुन्हा नसायचा. आम्ही तिघं कंपनीला शिव्या घालायचो आणि दही घेऊन जेवायचो. बसून, गरम गरम जेवायची सवय मला पस्तिशी ओलांडल्यावर लागली.

मग शेजारणीचा फोन आला. मायचा हात मोडला होता. गावात कुणीतरी पाला बांधला होता, पण हाड वेडंवाकडं बसायला लागलं होतं. संदीप म्हणाला, इकडे आणू. बाने तिला एकटीला पाठवलं नाही, तो बरोबर आला. बल्लारशाहून गाडीत बसून दोघं आले तेव्हा स्टेशनवर मी त्याला इतक्या वर्षांनी पाहिलं. केस पांढरे, पण मनगटं तशीच जाड. दवाखान्यात डॉक्टरांनी मायला विचारलं, कसं झालं? उत्तर बाने दिलं. "तलावाच्या पाळीवरून घसरली." माय माझ्याकडे न बघता मान हलवत राहिली. हाड पुन्हा बसवलं, कोपरापर्यंत प्लॅस्टर झालं.

घरी बा सोन्यासारखा वागला. रेवाला तो आवडला. कोणती मासोळी चिखलात बसते, झिंगे कसे धरायचे, जाळ्याला गाठ कशी मारायची हे तो तिला माझ्या ओढणीवर दाखवायचा. मला वाटायला लागलं, म्हातारा झालाय, निवळला असेल. रेवाने हट्ट धरला की आजोबांना किटमधलं जेवण स्वतः करून घालायचं. त्या दिवशी मशरूमचा मसाला आणि भात होता. संदीप आणि रेवाने केला. मी टेबल मांडलं. मायने काही केलं नाही. ती एका हाताने कोथिंबीरसुद्धा निवडू शकत नव्हती.

बाने पहिला घास घेतला. रेवा त्याच्या तोंडाकडे बघत होती. चावणं थांबलं.

मी खुर्चीवरून उठेपर्यंत ताट सुटलं होतं. ते रेवाकडे गेलं नाही, संदीपकडे नाही, माझ्याकडेही नाही. ते सरळ मायवर गेलं. तिने प्लॅस्टरचा हात आधीच वर घेतला होता, ताट त्याच्या हातून सुटायच्याही आधी. काचेचं ताट प्लॅस्टरवर फुटलं आणि एक धारदार तुकडा तिच्या भुवईत घुसला. रक्त डोळ्यात उतरलं, भातावर पडलं.

"हे का आहे?" तो मायवर ओरडला. "मानसाले घालते का हे? चामडं खाऊ घालून राह्यली मले?"

ओट्यावर बिडाचा तवा होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. तो खुर्चीसकट खाली गेला. उठायला त्याने हात टेकला तेव्हा त्या हातावर हाणला. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तिसऱ्यांदा तवा वर गेला तेव्हा संदीपने मागून माझी कंबर धरली आणि मला ओढलं. मी त्यालाही कोपर मारलं, त्याचा ओठ फुटला. मागे रेवा किंचाळत होती.

"बापाले मारतं?" बा खालून म्हणाला. त्याचा आवाज राग आल्यासारखा नव्हता, नवल वाटल्यासारखा होता.

"हाव, मारतो!" मी म्हटलं. पुण्यात आल्यापासून जी बोली मी दातांमागे ठेवली होती ती तोंडातून भडाभडा निघाली. "कोनं रांधलं हे? सांग! मायनं रांधलं का? तिचा हात मोडला तू, ती रांधून राह्यली का? काऊन मारलं तिले? सांग काऊन!"

तो मायकडे बघत राहिला. मी त्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होते आणि तिथे काहीच नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. मीठ, काटा, आंबाडी, गिचका भात, इतकी वर्षं आम्ही दोघींनी नीट करत आणलेलं सगळं फुकट होतं. आमच्या हाताची चव जगात पहिली आली असती तरी ताट फेकलंच गेलं असतं.

मायने पदराने डोळा पुसला. मला वाटलं, आता ती त्याला उठवायला जाईल. ती जागची हलली नाही.

"तुमी जा," ती म्हणाली. "मी नाई येत आता."

"येडी झाली का?"

"हाव. जा तुमी."

संदीप त्याला दवाखान्यात घेऊन गेला. मनगटाला चीर गेली होती, प्लॅस्टर घातलं. डॉक्टरांना संदीपने खोटं सांगितलं नाही. "घरात मारामारी झाली," म्हणाला. तिथून त्याला लॉजवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसवलं. इकडे मी मायच्या भुवईला टाके घालून आणले आणि फरशीवरचा भात पुसला.

पुसताना रेवा दारात येऊन उभी राहिली. "तू मलापण तसं मारशील?"

"नाही."

"तुला कसं माहीत?"

मी म्हटलं, "मी माझा आवाज चढवला तरी तू बाबाकडे जायचं. शेजारच्या काकूंकडे जायचं. माझी भीड धरायची नाही." तिने ऐकून घेतलं, पण त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्याकडे बघत जेवायची आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ करायची. जन्मापासून ताटात अर्धं टाकणारी पोर. आया अशा पोरीचं कौतुक करतात. मला ते रिकामं ताट बघवायचं नाही. मी तसलीच ताटं रिकामी करत मोठी झाले होते.

गावाहून फोन येतात. तुम्हीच करता, गावातल्या माझ्याच माणसांनो. म्हातारा एकटा पडला, वाळून गेला, एका हाताने कसंबसं करून खातो, बाईने या वयात संसार मोडला, लेकीने बापावर हात उचलला. तुम्ही त्याला जेवण नेऊन देता हे मला ठाऊक आहे. द्या, माझी हरकत नाही. फक्त आमच्या भिंतीला लागून तुमची भिंत होती आणि ताटं आदळल्याचा आवाज तुम्हालाही येत होता, हे माझ्याशी बोलताना विसरू नका. आणि माझ्यासारख्या ज्या निघून गेल्या, हैदराबादला, नागपूरला, आणखी कुठे, त्यांनी घरी एकदा "बरं आहे" च्या पुढचं विचारून बघा. मी उशीर केला.

आता मायचा हात बरा आहे, जरा वाकडा राहिला आहे. तिला खोक्याची गंमत वाटते. बर्फाच्या पिशव्या ती धुऊन जमवते, त्यांचं काय करायचं हे तिलाही माहीत नाही. रेवा कार्ड वाचते, माय पुडी फोडते. मागच्या आठवड्यात पास्ता होता. चौघं बसलो. रेवाने दोन घास खाल्ले, थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि ताट पुढे सरकवलं.

"शी! घाण आहे हे. मी नाही खाणार."

संदीपचा चमचा हवेत राहिला. मायचा वाकडा हात टेबलावरून अर्धवट वर आला होता, मी पाहत होते. मी माझ्या ताटातला घास उचलला आणि चावत राहिले. काही झालं नाही. बाहेर कुणीतरी स्कूटर लावत होतं. आणखी थोडा वेळ गेला, तरी काही झालं नाही.

मग मायने स्वतःच्या ताटाकडे पाहिलं. मला कळायला लागल्यापासून तिने समोरच्या अन्नाला बरं-वाईट म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मले बी नाई आवडलं," ती म्हणाली, आणि तिने ताट सरकवलं.

माझं घर कुठलं असं कुणी विचारलं तर आता मी सांगते, जिथे ताट सरकवता येतं ते. आम्ही ब्रेड आणला, चहा केला आणि चहात बुडवून खाल्ला.