विल्मरचं शहाणपण आणि नायेलीचा धर्मबाप

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा विल्मर म्हणजे आमच्या कातामायो गावातला महाशहाणा. मोबाइल दुरुस्तीचं दुकान काय टाकलं, लागला शाळेत आईबापांना उपदेश करायला! मुलं ऑनलाइन गेम खेळतात तेव्हा काय करायचं, हा विषय. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि तोंडाचा पट्टा सुरू: "टॅब्लेट बैठकीच्या खोलीतच. रोज एकच तास. चॅट बंद. आणि मूल कुणाशी खेळतं, ते स्वतः तपासा!" बायका माना डोलवायच्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

गुरुवारी मी त्यांच्याकडे मक्याच्या पानात वाफवलेल्या गरम उमिता घेऊन गेले. त्याची सात वर्षांची लेक नायेली बैठकीतच खेळत होती, बापाच्या नियमाप्रमाणे. चॅट मात्र सताड उघडं. 'धर्मबाप' नावाचा कुणीतरी लिहीत होता, 'उद्या शाळेच्या मागच्या फाटकाशी ये. भेट आणलीय. आईला सांगू नको हं.'

"विल्मर, हा कोण रे?"

"कोण म्हणजे? आमचे कंपाद्रे सेगुंदो, पोरीचे धर्मबाप! बाप्तिस्म्याला नायेलीला त्यांनीच तर हातात धरलं होतं. चार महिने गेममध्ये नाणी पाठवतायत पोरीला."

"सेगुंदो स्पेनला ना? मग उद्या इथे कुठून उगवणार?"

"येत असतील अचानक."

"फोन करून विचार की मेल्या!"

"छे! कंपाद्रेची उलटतपासणी? पाद्रीसमोर जोडलेलं नातं आहे, ताई. माणूस जन्माचा दुखावेल."

जळलं ते नातं! बहिणीकडे पाहिलं, तर नवरा म्हणेल ती तिची पूर्व दिशा. मीच सेगुंदोला फोन लावला. उचलला नाही. निरोप ठेवला.

शुक्रवारी शाळा सुटायच्या आधीच मी मागच्या फाटकाकडे निघाले. वाटेतच सेगुंदोचा फोन. "गेम? कसला गेम, ताई? मी दिवसभर शेतात कोबी तोडतोय. पोरीशी नाताळनंतर बोललोसुद्धा नाही."

मी धावत सुटले. पोहोचले तोवर शाळा सुटली होती, पोरं न्यायला आया जमल्या होत्या. फाटकाशी मोटारसायकलवर एक टोपीवाला. हातात बाहुलीचा खोका. नायेली त्याच्यामागे बसायला पाय उचलतेय.

"अगं बायांनो, धरा मेल्याला!"

मी पोरीला ओढलं. तो पळाला, पण शाळेच्या पहारेकऱ्यानं गाडीचा नंबर टिपून पोलिसांना कळवला.

"मावशी, रागावू नको ना," नायेली रडत म्हणाली. "धर्मबापाला नाही म्हणायचं नसतं, असं बाबाच सांगतात."

तिचा हात धरून मी तडक दुकानात गेले. विल्मरला सगळं सांगितलं. पांढराफटक पडला. खुर्चीत बसला. पोर समोर हुंदके देत उभी. मला वाटलं, आता तरी तिला जवळ घेईल.

"पण ताई," तो म्हणाला, "तुम्ही कंपाद्रेंना नेमकं कसं विचारलंत? रागावले नाहीत ना ते?"