लवूतात्याची थाळी

समुद्र गढूळ आहे की निवळ, हे सांगायला मुंबईच्या कचेरीने माणूस नेमावा, हे आमच्या मांडवीत कुणालाच पटलं नव्हतं. पण एक्याऐंशी साली दमयंतीबाई नावाच्या संशोधक आल्या आणि त्यांनी लवूतात्या शिवलकरला नेमलंच. तात्या जन्मभर मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. साठी उलटल्यावर मुलाने त्याला खाली उतरवलं, तेव्हापासून तो घरी बसून बायकोच्या, सगुणाकाकूच्या, सारात खोड्या काढत असे. बाईंनी त्याला पुन्हा होडीत बसवलं, याचा सगळ्यात जास्त आनंद काकूला झाला.

काम सोपं. दर रविवारी बंदराबाहेर ठरल्या जागी जायचं आणि दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी झाली की किती हात दोरी गेली ते वहीत लिहायचं. पावसाळ्यात होडी बंद, तेव्हा जेटीवरून. बाईंची अट एकच होती, माणसाची नजर चांगली हवी.

तात्या काठावर पालथा पडून पाण्यात बघे, काकू हाताहातावर गाठ मारलेली दोरी सोडे, वल्ह्यावर मी. थाळी नाहीशी झाली की तात्या ओरडे, "गेली!" काकू चौथी पास, म्हणून वही तिच्याकडे. जुलैत खाडीतून लाल माती येई, लाटा तळ ढवळत, थाळी दोन हातांवरच गडप होई. दसऱ्यानंतर गाळ बसू लागे आणि जानेवारीत आकडा चौदा हातांवर जाई. तात्या हे आकडे नाक्यावर अशा थाटात सांगे, जणू समुद्र त्यानेच गाळून ठेवलाय.

शहाऐंशीच्या जानेवारीत बाई स्वतः होडीत आल्या. काकूकडे हात पुढे करून म्हणाल्या, "आज दोरी मी सोडते."

काकूचा चेहरा उतरला. "नको बाई, हात सोलवटतील."

बाईंनी ऐकलं नाही. पाच हात दोरी गेली आणि तात्या ओरडला, "गेली!"

बाईंनी वाकून पाहिलं. थाळी लख्ख दिसत होती. वहीत मागच्या रविवारचा आकडा चौदा.

"तात्या, नीट बघा."

"चाळीस वर्सा समुद्र बगतोय मी. गेली म्हंजे गेली!"

"मग ही पाच वर्षांची वही फाडून टाकू?"

"फाडू नका, बाई," काकू रडवेली झाली. "आकडे खरे हायत. दोन वर्सा झाली, हे गेली म्हनतात तवा मला थाळी दिसत असते. मग ती दिसते तवर मी दोरी सोडते. साफ समुद्राला गढूळ कसा लिवू?"

वल्ह्यावरून मला हे सगळं दिसत होतं, पण नवराबायकोच्या दोरीत मी कशाला पडू? गणपतीत तात्याने जेटीवरच्या खांबाला "काय आत्माराम, कवा आलास?" म्हणून विचारलं, तेव्हाही आम्ही हसून घेतलं होतं.

बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी मोजलं. चौदा. वही फाटायची वाचली. तात्या मात्र किनाऱ्यापर्यंत पाण्याकडे पाठ करून बसला. घरी गेल्यावर एवढंच म्हणाला, "मला येडा बनवलास गो."

"मग काय सांगू? सांगितला असता तर तुमाला परत घरी बसवला असता," काकू म्हणाली.

आठ दिवस त्याने सारात खोडी काढली नाही. काकू घाबरली. मग तो आपणहून नेत्रशिबिरात जाऊन मोतीबिंदू काढून आला, आधी एका डोळ्याचा, मग दुसऱ्याचा.

डिसेंबरात, जाड भिंगांचा चष्मा दोरीने डोक्याला बांधून, तात्या होडीत चढला. काकूने सवयीने दोरी उचलली. तात्याने ती तिच्या हातातून काढून घेतली.

"तू बग. दोरी मी धरतो."

"अवो, तुमचे डोळे आता..."

"बग म्हनतो ना!"

काकू लाजत वाकली. थाळी खाली खाली गेली. अकराव्या गाठीला काकू ओरडली, "गेली!"

तात्याने चष्म्यातून पाण्यात पाहिलं, मग काकूकडे. नंतर थाळी दिसत होती तोवर त्याने आणखी दोन हात दोरी सोडली.