पाण्याची सुई

"तुमीच सांगितलं न्हवं, सुईत नुसतं पाणी हाय म्हणून? मग आता का आडवताय?"

वडगाव निंबाळकरच्या गोजराबाई माझ्या बारामतीच्या दवाखान्यात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. बाहेर बैलगाडीत त्यांची सून हौसा गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. तिला माहेरी, पळसदेवला, कायमची पोचवायला निघाले होते. दोन्ही पोरं मात्र वडगावलाच राहणार होती. गाडी हाकायला तिचा नवरा बापू होता. तो बैलांच्या शेपट्यांकडे बघत होता. जन्मात दुसरं काही बघितलं नसावं असा.

चूक माझी होती. ती आधी सांगून टाकतो.

वर्षापूर्वी हौसाच्या छातीत गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला. जखम छान भरली. पण तीन महिन्यांनी तिथं आग व्हायला लागली. पदर लागला तरी जीव कासावीस. आणि दुखायचं ते काढून टाकलेल्या जागीच. काखेत पुन्हा गाठ आलीय का ते मी तपासलं. नव्हती. मुंबईच्या सर्जनला पत्र टाकलं. उत्तर आलं: जखम उत्तम, तक्रार मानसिक.

मानसिक! झालं, सुटले बिचारे. रोज दारात येणारी बाई माझ्या गळ्यात.

त्या काळी आम्ही सगळेच एक युक्ती करायचो. मीही केली. डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे नुसतं शुद्ध पाणी, इंजेक्शनमधून दिलं. तिला दोन दिवस बरं वाटलं. मी लगेच शहाणा झालो. पाण्यानं थांबतं म्हणजे दुखणं खोटं! वर हे सासूला सांगूनही टाकलं. त्या दिवसापासून घरात हौसाला 'सोंगाडी' हे नाव पडलं.

"मावशी, मी चुकलो," मी म्हणालो.

"डाक्तर चुकत आसत्यात व्हय? ही कामाला कटाळलीया."

"बोलवा तिला आत. खोटं असेल तर मी स्वतः गाडीत बसवून देतो."

हे मी रागात बोलून गेलो. पाण्याचा गुण ओसरून ती पुन्हा कळवळत आली तेव्हा मला शंका आली होती, आणि रात्रभर पुस्तकं चाळून एवढंच कळलं होतं की हात-पाय तोडलेल्या माणसांनाही नसलेल्या जागी असं दुखतं. हौसाचं तसंच निघेल याची खात्री कुठं होती? नाही निघालं तर तिचा संसार माझ्याच हातानं मोडणार होता.

कंपाउंडरला बाहेर काढलं. हौसाचे डोळे बांधले. कापसाचा बोळा तिच्या डाव्या दंडाला आतून हळूच लावला.

"कुठं लागलं?"

"छातीला. गेलेल्या जागी. आगागा, नका!"

मी त्या ठिकाणी जांभळ्या औषधानं ठिपका दिला. दंडावर असे चार ठिपके निघाले. बाकी ठिकाणी कापूस लावला तर तो जिथं लावला तिथंच कळायचा. मग बोळा गोजराबाईंच्या हातात दिला. "आता तुम्ही. न सांगता, वाटेल तिथं."

म्हातारीनं मन लावून परीक्षा घेतली. पाठीला लाव, मनगटाला लाव, मध्येच ठिपक्याला लाव. ठिपक्याला लागला की हौसा कळवळायची, एरवी नाही. एकदाही फसली नाही. म्हातारी घामाघूम झाली.

"पर जे न्हायच, त्ये दुखतं कसं?"

आता मी ज्ञान पाजळायला बसलो. म्हटलं, "दुखणं जाग्यावर कळत नाही मावशी, मेंदूत कळतं. शरीरातून मेंदूला तारा गेल्यात. अवयव गेला तरी मेंदूत त्याची जागा राहते. शेजारची तार तिथं जाऊन वाजते. आपल्या पोस्टात तार येते ना, तसं."

"आगं बया! तार आली? कोन गेलं?"

मी कपाळाला हात लावला. वडगावात तार एकाच कारणासाठी यायची. म्हातारी गळा काढायच्या बेतात. कुणी गेलं नाही हे पटवण्यातच पाच मिनिटं गेली. एम.बी.बी.एस. होऊन काय उपयोग!

तेवढ्यात डोळ्यांवरची पट्टी सोडत हौसा बोलली. एवढ्या महिन्यांत सासूला उलटून पहिल्यांदाच.

"आत्याबाई, आपल्या म्हशीचं रेडकू मेलं तवा तुमी काय केलं?"

"काय करनार? कातड्यात पेंढा भरून म्होरं ठिवलं."

"मग?"

"मग काय, चाटती आन् पान्हा सोडती."

"रेडकू हाय का तितं?"

"न्हाय."

"आन् दूद? त्ये खोटं आसतं व्हय?"

गोजराबाईंनी हातातला बोळा टेबलावर ठेवला. मग बाहेर गेल्या आणि गाडीतलं गाठोडं उचलून स्वतःच्या काखेत मारलं. बापूला म्हणाल्या, "बैलं फिरीव. घराकडं."

पुढचं काम कंटाळवाणं होतं. दंडाला आणि छातीला रोज दोनदा कापडानं घासायचं. आधी जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, महिन्यानं जाडंभरडं मांजरपाट, शेवटी गोणपाट. हळूहळू मेंदूला सवय होते की हा नुसता स्पर्श आहे, आग नव्हे. हौसा रडायची. घासायला सासूच बसायची. आग पूर्ण कधीच गेली नाही. पण वर्षभरात पदर सोसायला लागला आणि ती पोरांना कुशीत घेऊन झोपायला लागली.

पाण्यानं बरं वाटलं म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, एवढं मी त्यात शिकलो. रुग्णांवर चिडणं काही सुटलं नाही.

पुढच्या दिवाळीत गोजराबाई गुडघा धरून आल्या, बरोबर हौसा होती. मी सिरिंज भरायला घेतली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आदी बाटली हौसाला दावा. ती व्हय म्हनली तरच टोचा."