मुका मार

यवतमाळच्या आमच्या कॅज्युअल्टीत धुऱ्याचं भांडण आलं की मला आधी राग येतो, मग दया. धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द. तेवढ्या हातभर मातीपायी चुलत भाऊ एकमेकांच्या डोक्यात बैलगाडीची उभारी घालतात, आणि दवाखान्यात आल्यावर ज्याच्या अंगावर जास्त रक्त तोच छाती काढून चालतो. रक्त दिसलं की केस भक्कम. नुसता मुका मार असला, म्हणजे कातडी शाबूत आणि दुखणं आत, तर हलकं कलम लागतं, असं इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं.

मी तेव्हा इमर्जन्सीतल्या सोनोग्राफीची फेलोशिप करत होते. एमडी झाल्यावर पुन्हा वर्षभराचं शिक्षण. आई म्हणायची, इतकी शिकली, आता अजून काय शिकून राह्यली? मी सांगायचे, पेशंट मरायला टेकला असताना त्याच्या पोटात काय चाललंय ते खाटेशेजारी उभं राहून बघायला शिकते आहे. शिकवणारे सर कमी बोलायचे. पोटात सांडलेलं रक्त पडद्यावर काळं दिसतं, आणि डावीकडची पानथरी, म्हणजे प्लीहा, आपल्याला वाटते त्याहून बरीच मागे असते, हे दोन धडे त्यांनी रोज गिरवून घेतले. डावी बाजू बघताना पेशंटवरून पलीकडे वाकायचं आणि पोटावर फिरवायचा प्रोब इतका मागे न्यायचा की बोटांची पेरं गादीला टेकली पाहिजेत. टेकली नाहीत की सर मुकाट्याने माझा हात धरून खाली दाबायचे. माझं डोकं फिरायचं, पण करते काय!

त्या दुपारी आर्णीकडचं एक भांडण आलं. एका बाजूच्या म्हाताऱ्याचं डोकं फुटलेलं, तोंडात शिव्यांचा पट्टा चालू. त्याचा मुलगा शेजारी दात-ओठ खात उभा. मी म्हाताऱ्याला टाके घालत होते तेवढ्यात दुसऱ्या बाजूचा माणूस आपल्या पायांनी चालत आला. तिशीतला, डाव्या बरगडीवर हात धरलेला, अंगावर रक्ताचा थेंब नाही. बरोबर त्याचा काका. काय लागलं, असं मी त्याला विचारलं, आणि उत्तर काकाने दिलं. म्हणे काही नाही, मुका मार आहे. मी त्याला खाटेवर झोपवायला सांगितलं.

जरा वेळाने मान वळवली तर खाट रिकामी. काकाने त्याला लघवीला म्हणून बाहेर नेलं होतं. परत आले तेव्हा त्याच्या कपाळावरून रक्त ओघळत होतं. केसांच्या कडेला सरळ, बारीक चीर. दाढीच्या ब्लेडची असते तशी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काकाजी, हे कोणी केलं?"

"त्याईनंच." त्याने म्हाताऱ्याच्या मुलाकडे बोट केलं.

"कधी? संडासात?"

आपल्याच पुतण्याचं डोकं त्याने केसपेपरसाठी चिरलं होतं. आणि तो पुतण्या तोंडातून अवाक्षर काढत नव्हता. मी त्याचं मनगट धरलं. घाम गार, ओठ पांढरे, नाडी बोटाखाली नुसती पळत होती. तेवढ्या चिरेने असं होत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार. त्याला आडवा करून मी मशीनची ट्रॉली ओढली, तर काकाने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. आधी टाके घाला, किती घातले ते लिहा, मग काय करायचं ते करा. गडीमाणसाची कायची सोनोग्राफी? पोटुशी हाये का थो? एवढं बोलून त्याने भिंतीवरच्या गर्भलिंगाच्या पाटीकडे बोट केलं, आणि दारातली माणसं फिदीफिदी हसली.

मी ट्रॉली हिसकली. उजवी बाजू बघितली, तिथे काही नव्हतं. एवढ्यात म्हाताऱ्याच्या मुलाला ते ताजं रक्त दिसलं. आपल्यावर खोटी केस करायला हे रक्त काढलंय, हे त्याला लगेच कळलं. त्याने सलाईनचा स्टँड उचलला आणि आडवा फिरवला. औषधांचा ट्रे उडाला, बाटल्या फुटल्या, कोणाचा तरी जबडा वाजला. म्हातारा अर्धवट टाक्यांनिशी उठला. सुई आणि दोरा त्याच्या कानाशी लोंबत होते, तशात तो काकाच्या गळ्याला भिडला. बाहेरची माणसं आत घुसली आणि काचांवर पाय घसरून एकमेकांच्या अंगावर पडू लागली. सिस्टर भिंतीला चिकटून पोलिसाला हाका मारत होती. डावी बाजू बघायची तर मला खाटेवर पालथंच वाकावं लागणार होतं, त्या सगळ्यांकडे पाठ करून. मी भ्याले. प्रोब हातात धरून नुसती उभी राहिले.

सर कधी आले कळलं नाही. ते माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. मी वाकले. मागे स्टँड कशावर तरी जोरात आपटला आणि हाड मोडल्याचा आवाज आला. माझं नव्हतं.

"पेरं टेकव," सर म्हणाले.

मी टेकवली. पानथरीभोवती काळा पट्टा होता, चांगला रुंद.

पोलीस आला, म्हाताऱ्याला आणि त्याच्या मुलाला बाहेर काढलं. सर मोडका हात पोटाशी धरून सर्जनला फोन लावत होते. मी काकाची कॉलर धरली आणि त्याचं तोंड पडद्याकडे फिरवलं. राग आला की माझी पुस्तकी मराठी पळून जाते.

"हे काळं दिसते ना, थे रक्त हाये. आतल्या आत सांडून राह्यलं. आत्ता ऑपरेशनले नेलं नाही तं मरते हा."

"कायनं झालं?"

"लातेनं. चपलेच्या टाचेचा वळ हाये बरगडीवर. याले मोठं कलम लागते. मी लिहीन माह्या सहीनं. पण पहिले याले नेऊ द्या."

काकाने खाली बघितलं. मग ऑपरेशनच्या संमतीवर सही केली आणि स्ट्रेचरमागे पळाला. टाक्यांचं नाव पुन्हा काढलं नाही. रक्त द्यायला बाही वर करणारा पहिला माणूस तोच. मला गुदगुल्या झाल्या. सरांना प्लास्टर घालत होते तिथे जाऊन मी सांगितलं, बघा, कलमाचं नाव काढल्यावर कसा सुतासारखा सरळ झाला. सर म्हणाले, उजव्या बाजूला फार वेळ लावलास.

पानथरी काढावी लागली, पण माणूस जगला. काही दिवसांनी मी त्याचं पोट पुन्हा बघायला वॉर्डात गेले. आत सगळं स्वच्छ होतं. मी खुशीत त्याला सांगितलं की आता घोर करू नको, मी सगळं लिहिलंय, ज्याने लाथ घातली तो आत जाणार.

त्याने खाटेला लावलेल्या केसपेपरकडे बोट केलं.

"थे खोडता येते काय, म्याडम?"

"काहून?"

"मी मधात पडलो होतो. म्हटलं, हातभर धुरा हाये काकाजी, जाऊ द्या. तं काकाजीनं मलेच लात घातली." मग म्हणाला, "बाप गेल्यावर त्याईनंच पोसलं मले."

खोडता येत नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाहेर काका खिचडीचा डबा घेऊन उभा होता. मला बघून बाजूला सरकला. माझ्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या, एकाहून एक.

"आता चारलं तं चालते काय बाई त्याले?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं, "थोडं थोडं चारा."